भलत्या समुद्राला नारळ

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, ही गोष्ट माझ्या आईने कधीच मनापासून मान्य केली नाही. काष्टीत ती लग्न होऊन आली, म्हणजे खरं तर पळून येऊन मग लग्न केलं, तेव्हा तिने दारात उभं राहून आधी चारी दिशांना पाहिलं आणि आण्णांना विचारलं, "पाणी कुठल्या अंगाला?" आण्णांनी तिला गुरांचा हौद दाखवला. तिथून पुढचा संसार याच पायावर उभा राहिला. आण्णा, म्हणजे माझे वडील, ट्रक चालवायचे. काष्टीचे कांदे घेऊन अलिबागच्या पुढे एका खाडीच्या तोंडाशी जायचे आणि येताना तिथल्या कोळीवाड्यातून सुकी मासळी आणायचे. एका खेपेला मासळीबरोबर आईही आली. "गाडी रिकामी आनायची न्हाई, ह्यो धंद्याचा नेम हाय," असं ते पाहुण्यांना सांगत, आणि आई आतून भांडं आपटे.

आईच्या आईला सगळे बय म्हणत. बयचं घर होड्यांचं. तिचे दोन मुलगे समुद्रावर, नवरा समुद्रातच गेलेला, आणि जावई मात्र घाटावरचा, पोहता न येणारा. आई ट्रकमध्ये बसली तेव्हा बय वाळूत उभी होती. ती रडली नाही, तिने शिव्याही दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, "चाललीस तर जा. पन दर्यात पाय घालायला परत येव नको." दुसरी एखादी मुलगी वर्षभराने पोर कडेवर घेऊन परत गेली असती आणि सगळं मिटलं असतं. आईने ते वाक्य अक्षराला धरून पाळलं. ती गेली नाही आणि तिने समुद्रात पाय घातला नाही. धाकटा मामा तेवढा चोरून नाक्यावर येऊन आण्णांच्या ट्रकमध्ये बोंबील, सुकट आणि सोडे यांची पोती टाकायचा. बयला हे माहीत नाही असं मामा समजत होता. बयचं नाव आमच्या घरात फक्त एका प्रसंगी निघे: मी उलट उत्तर दिलं की. "बयवर गेलीय," आई म्हणे. दिवसातून बऱ्याचदा म्हणे. त्यामुळे जिला मी कधी पाहिलं नव्हतं अशा एका म्हातारीच्या कीर्तीवर मी मोठी होत होते.

ती पोती आई शनिवारच्या बाजारात विकायची. काष्टीचा बाजार म्हणजे जनावरांचा बाजार, बैल, गाई, शेळ्या, आणि त्यांच्या कडेने बाकी सगळं. एका बाजूला चपलावाला, दुसऱ्या बाजूला मेहरूनचाचीचं बांगड्यांचं पाल, आणि मधे आई, चटईवर बोंबलांचा ढीग आणि सुकट मोजायला चिपटं घेऊन. गिऱ्हाईक तिला शोधत येत नसे. वारा सांगायचा. आमचं सगळं घरच तसं होतं. अंथरूण, दप्तर, माझी रिबन, देवाच्या फोटोमागची भिंत. शाळेच्या वाटेवर मांजरं माझ्यामागे रांगेने यायची. वर्गातल्या पोरी नाकाला पदर, म्हणजे ओढणी, लावायच्या आणि मधल्या सुट्टीत माझ्याच डब्यातली सुकट मागायच्या. कांदा भरपूर घालून परतलेली, लालभडक, बाजरीच्या भाकरीबरोबर. ती भाजी आजही माझ्या हातून तशी होत नाही. आईला विचारलं तर म्हणते, "तुझ्याकडून होणार पण नाही," आणि विषय संपतो.

आईचं आणि माझं का पटत नसे हे मी आता या वयात नीट सांगू शकते. आम्हा दोघींना शेवटचा शब्द लागायचा. घरात शेवटचा शब्द एकच असतो. ती केसाला तेल चोळताना डोकं असं दाबायची की जणू ओल्या होडीतलं पाणी काढतेय, आणि मी तेवढ्या वेळात तिला पाठ केलेला धडा म्हणून दाखवायचे, तिला त्रास व्हावा म्हणून. ती शाळेत गेली नव्हती. मी सातवीत होते आणि मला सगळं माहीत होतं. सातवीनंतर इतकं सगळं मला परत कधीच माहीत नव्हतं.

श्रावणात हे भांडण पिकायचं. श्रावणात आमच्याकडे कोणी मासळी खात नाही, त्यामुळे बाजार बंद, आणि तिकडे समुद्रावर होड्याही ओढून ठेवलेल्या. आईला दोन्हीकडून सुट्टी. सुट्टी तिला मानवत नसे. मग यायची नारळी पुनव. काष्टीत त्या दिवशी राखी, नारळीभात आणि भावांची मिजास. तिकडे समुद्रावर मात्र त्या दिवशी नारळ देतात, दर्या शांत होतो आणि होड्या पाण्यात पडतात. आईला समुद्रावर जाता येत नव्हतं. पण बयने पाय घालू नको म्हटलं होतं, नारळ घालू नको असं म्हटलं नव्हतं. तेव्हा आईने मार्ग काढला. काष्टीहून दौंडच्या रस्त्याला लागलं की पुढे भीमा आहे. नदी कुठे जाते? समुद्राला. मग नारळ नदीला द्यायचा, नदी पोचवील. भावांच्या होडीसाठी. यात चूक काढण्यासारखं काही दिसत नाही.

सुरुवातीला ती आणि आण्णा दोघंच जात. आई ठेवणीतलं लुगडं कोळणीसारखं कासोटा घालून नेसे, नारळाला सोनेरी कागद लावी, आणि गुडघाभर पाण्यात जाऊन तो सोडी. पाय नदीत घालायला बंदी नव्हती. मग शेजारणी यायला लागल्या. कोणी म्हशीच्या दुधासाठी, कोणी जावयाची दारू सुटावी म्हणून. मेहरूनचाची यायची, तिचा भाऊ परदेशी जहाजावर खलाशी होता. "तुझ्या भावासंगट माज्या भावाचं बी सांग गं हिरे," ती म्हणायची, "तुजं पानी वळखीचं हाय." माझ्या आठवणीत तर आण्णांचा ट्रक त्या दिवशी बायकांनी भरलेला असायचा. कांद्यांच्या जागी बायका, नारळ, अगरबत्त्यांचा धूर, आणि केबिनमध्ये आण्णा, जगातली एकमेव दर्यापूजा घाटावर हाकत चाललेले. ही काष्टीची प्रथाच झाली होती. अजून थोडी वर्षं गेली असती तर यात्रा भरली असती.

त्या वर्षी आम्हाला भूगोलात नद्या होत्या. गुरुजींनी फळ्यावर महाराष्ट्र काढला आणि नद्यांवरून छडी फिरवली. मी पुस्तकातल्या नकाशात भीमेवर बोट ठेवलं आणि खाली नेलं. बोट सोलापूरकडे गेलं, महाराष्ट्राच्या बाहेर गेलं, कृष्णेला मिळालं, पार आंध्रात गेलं, आणि जिथे पोचलं तिथे निळ्या अक्षरांत "बंगालचा उपसागर" असं लिहिलं होतं. अलिबाग नकाशाच्या दुसऱ्या बाजूला होतं. मी हे घरी सांगितलं नाही. का, तर प्रेक्षक कमी होते. नाटकी स्वभाव काही मी नंतर कमावलेला नाही.

पुनवेला सगळ्या बायका काठावर उभ्या. नदी गढूळ, फुगलेली. आई गुडघाभर पाण्यात. तिने डोळे मिटून भावांची नावं घेतली, मेहरूनचाचीच्या भावाचंही घेतलं, नारळ सोडला. तो एकदा गिरकी घेऊन पुलाकडे निघाला. सगळ्यांनी हात जोडले. मी म्हणाले, "आई, हा नारळ आंध्रात चाललाय."

आई वळली नाही. "काय?"

"भीमा बंगालच्या उपसागराला जाते. पुस्तकात आहे. तो समुद्र वेगळा. मामा तिकडं नाहीत."

मेहरूनचाची हळूच म्हणाली, "माजा भाऊ असंल का गं तिकडं?" आईने नारळाकडे पाहिलं. तो आता बराच लांब गेला होता, आणि स्पष्टपणे भलत्याच दिशेने.

"आणि आजवरचे?" तिने विचारलं.

"सगळे," मी म्हणाले.

मी बरोबर होते. हे मी आजही म्हणते. पुढे आयुष्यभर संगमनेरला भूगोल शिकवला, पण एवढा प्रभावी तास पुन्हा कधी झाला नाही.

त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलायची थांबली. ओरडली नाही, मारलं नाही. नुसतीच थांबली. मला जेवायला बोलवायचं झालं तर ती आण्णांना सांगे, आण्णा मला सांगत. आण्णा खेपेवर असले तर ती दारातल्या शेळीला सांगे. "भाकरी झाली म्हणावं. गार होते म्हणावं." शेळी माझ्याकडे पाही. आण्णांनी मला बाजूला घेऊन समजावलं. "सुमे, तुजं खरं हुतं. पर खरं कुटं बोलायचं, त्याची बी येक जागा असती. तिला वाटतंय, भावांसाटी आपुन काय बी केलं न्हाई. येवड्या वरसात. समुद्रावर जाता येत न्हाई, आन् हे बी फुकट गेलं." मी म्हणाले, मग मी पुस्तक बदलू का? आण्णा म्हणाले, "बयवर गेलीस." त्यांनी हे म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

श्रावण संपला, बाजार सुरू झाला. आई पुन्हा चटईवर बसायला लागली, पण घरी येताना तिच्या पाटीत दर शनिवारी नारळ असायचे. ते ती खाटेखालच्या एका पोत्यात टाकी. फोडत नसे, कोणाला देत नसे. पोतं फुगत चाललं. दिवाळी झाली तेव्हा ते भरलं होतं, आणि आईने आण्णांना विचारलं, कांद्याची खेप कधी आहे. मग कळलं. राहिलेल्या सगळ्या वर्षांचे नारळ ती एकदम, खऱ्या समुद्राला देणार होती. बय पाण्यात पाय घालू देवो न देवो, काठावरून फेकणार होती. आण्णा डोकं धरून बसले. "कोकनात नारळ न्यायचे? आगं, म्हंजी काष्टीत ऊस आनायचा." पोतं ट्रकमध्ये चढलं. मी पण चढले. मला कोणी चल म्हटलं नव्हतं, पण शेळीलाही कोणी नको म्हणून सांगितलं नव्हतं.

रस्ताभर आम्ही तिघं केबिनमध्ये बसलो होतो आणि बोलत फक्त आण्णा होते. घाट उतरताना आईने पदर चाचपला, केस चाचपले, मग हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. खाडी दिसली तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मी खिडकीबाहेर पाहू लागले. आई घाबरते हे मला माहीत नव्हतं. मला ती माहिती नको होती.

वाळूत बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, आणि खाली एक म्हातारी बसून कावळे हाकत होती. तिने वर पाहिलं. जबडा आईचा होता, म्हणजे माझाच होता. तिने आईकडे पाहिलं, आण्णांकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं, आणि बोट माझ्याकडे केलं. "कोनाची गो तू?"

"हिराची."

"ती कोन?" बयने विचारलं. आई चार हातांवर उभी होती.

इथून पुढे जे झालं ते मी आजवर लग्नकार्यांत पुष्कळदा करून दाखवलं आहे, अगदी जागा बदलून बदलून. बय आईशी बोलत नव्हती आणि जावयाशीही नाही, ती फक्त माझ्याशी बोलायची. आई माझ्याशी बोलत नव्हती आणि बयशी तर नाहीच, ती फक्त आण्णांशी बोलायची. तेव्हा बयचा प्रश्न माझ्याकडे यायचा, मी आण्णांना सांगायचे, आण्णा आईला सांगायचे, आई आण्णांना उत्तर द्यायची, आण्णा मला, मी बयला. सगळे एकाच चटईवर बसलो होतो. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

"पोत्यान काय हाय?" बयने मला विचारलं. ते फिरून आलं: नारळ. "कशाला?" मग मीच सगळं सांगितलं. भीमा, कृष्णा, बंगालचा उपसागर, आजवरचे सगळे. बय शेवटपर्यंत ऐकत होती. मला वाटलं, ती आता आईला मिठी मारेल, असं पाहिलं होतं कुठेतरी. बय म्हणाली, "भलत्या दर्याला नारल दिलं? इतकी वरसां?" आणि खूप वेळ विचार करून, "तिकरच्या कोल्यांची मजा झाली."

"त्यास्नी सांग," आई आण्णांना म्हणाली, "की आता खऱ्या दर्याला देणार. सगळे. काठावरून. पाय घालणार नाही."

ते फिरून बयकडे गेलं. बयने मान हलवली. "दर्या बाकी घेत नाय. नारल पुनवेला. पुनव गेली, नारल गेला." मग पोत्याला हात लावून पाहिला. "आनलंस तर ठेव. कालवन करू. तुझ्या आयला सांग, बसून काय रायलीस, खोवायला घे."

आईने खोवायला घेतलं. दुपारपर्यंत ती खाली मान घालून नारळ खोवत होती, आणि बय तिच्या पाठीमागून फिरत मला सांगत होती की तिला सांग, बारीक खोव, तिला सांग, करवंटी खरवडू नको. ताज्या बोंबलांचं कालवण झालं. आमच्या सुकटीसारखं नव्हे, पांढरट, पातळ, वरून तिरफळाचा वास. सगळे जेवायला बसलो. बयने एक घास घेतला, थांबली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मीठ कमी हाय. सांग तुझ्या आयला."

मी नुकताच भात उचलला होता. आता खरं सांगायचं तर मी तो घास कमी करू शकत होते. मी अजून एक मूठ भात घेतला, त्यात अख्खा बोंबील दडपला आणि सगळं तोंडात कोंबलं. दोन्ही गाल फुगले. मी बयला खुणेने सांगितलं की थांब. आण्णांनी तोंड उघडलं, तेव्हा मी त्यांच्या मांडीला चिमटा काढला. बय थांबली. आई थांबली. मी शांतपणे चावत राहिले. कालवण गार व्हायला लागलं.

"मीठ बरोबर हाय," आई म्हणाली.

"कमी हाय," बय म्हणाली.

"तुझ्या जिभेला काय कलतंय. जल्म खाऱ्या पान्यान गेला तुझा." रागावली की आईच्या बोलण्यातला ळ परत समुद्रावर जात असे.

"मीच तुला रांधायला शिकिवलं."

"तू शिव्या शिकिवल्यास. रांधायला मी शिकली."

ते भांडण बराच वेळ चाललं. त्यात मीठ निघालं, मग आण्णांचा ट्रक, मग मेलेल्या आजोबांचं एक जाळं, आणि शेवटी धाकटा मामा चोरून पोती पाठवतो ते. "चोरून?" बय म्हणाली. "ती पोती मी बांधताव." रडलं कोणी नाही, आमच्याकडे ते खातं नाही. बयने चिमूटभर मीठ आपल्याच ताटात घातलं आणि आईने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग बयचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी अजून चावतच होते.

"ही कोनावर गेली गो? केवडा घास."

"तुझ्यावर," आई म्हणाली.

"माझ्यावर नाय. तुझ्यावर."

दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं. कुठल्यातरी एका बाबतीत त्यांचं एकमत झालं होतं.

निघताना बय होड्यांपर्यंत आली. भरती होती. आई कोरड्या वाळूवरून चालत होती, लाट आली की एक पाऊल मागे घेत होती. बय समुद्राकडे पाहत म्हणाली, मला नाही, "पुनवेला ये. तवा घाल पाय." आईने मान हलवली. त्या दिवशी मात्र तिने पाण्याला टाच लावू दिली नाही. बयने पुनवेला म्हटलं होतं. ट्रक घाट चढायला लागला तेव्हा आई समोर बघत म्हणाली, "पुढची नारळी पुनव कधी ते कॅलेंडरात बघून ठेव. तुला लई कळतं ना." मी आण्णांकडे पाहिलं, मला सांगायला सांगितलंय की काय म्हणून. आण्णा गियर बदलत होते. ते मलाच होतं.

पुढच्या पुनवेला आम्ही गेलो. आई नेसत्या लुगड्यानिशी कमरेपर्यंत पाण्यात शिरली आणि हाका मारल्या तरी बाहेर येईना. तो एक वेगळाच तमाशा झाला. बय गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हल्ली आईच्या गुडघ्यांना घाट झेपत नाही, तेव्हा धाकटा मामा पुनवेला मोबाईलवर तिला समुद्र दाखवतो आणि तिच्या नावाने नारळ सोडतो. "अजून पुढं जा," ती काष्टीतून ओरडते, "भिजलास तर काय विरघळतोस का." जिल्ह्याचं नाव बदललं, पण नद्या त्याच आहेत. एकदा ती संगमनेरला माझ्याकडे आली होती, तेव्हा पुलावरून प्रवरा पाहून तिने विचारलं, "ही कुठं जाते?" मी म्हणाले, गोदावरीला, आणि मग बंगालच्याच उपसागराला. आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्या नद्यांनी तिच्या माहेराकडे पाठ फिरवली आहे. काही तर कोकणच्या कड्यावरच उगम पावतात आणि तरीही. आई म्हणाली, "तूच शिकवलं असशील त्यांना."

पण दर पुनवेला ती मला काष्टीला बोलावते. मामाचा फोन झाला की दुसरा नारळ काढते, सोनेरी कागद लावते, आणि आम्ही रिक्षाने भीमेवर जातो. मेहरूनचाची असते, काठी टेकत. आता त्या नारळाची गरज नाही, हे मी एकदा आईला समजावून पाहिलं होतं. ती पाण्यात उभी होती, माझा दंड धरून.

"इतकी वर्षं दिला तिकडं," ती म्हणाली. "त्यांना सवय झाली असंल. आता बंद केला आन् तिकडं कुणाची होडी बुडली, तर तू जाशील का सांगायला?"

नारळ गिरकी घेऊन पुलाकडे निघाला. खाली उजनीचं धरण आहे. तिथे भीमा अडवली आहे, आणि आमचे सगळे नारळ, अगदी पहिल्यापासूनचे नसले तरी बहुतेक सगळे, कुठल्याही समुद्राला न जाता त्या फुगवट्याच्या कडेला कुठेतरी कुजले असणार. त्या नकाशावर ते धरणही होतं. सातवीतल्या माझ्या बोटाने ते ओलांडलं होतं. हे मला समजून पुष्कळ वर्षं झाली. आईला मी अजून सांगितलेलं नाही.